आप्पा, बॅटरी जरा डावीकडे

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यात दोन महिने गेले. आता ठीक आहे. मुंबईच्या वहिनींनी फोनवर विचारलं, "अमेरिकेबद्दल काहीच लिहिलं नाहीत भावजी?" म्हणून हे. पण नायगारा वगैरे सगळ्यांनी लिहून झालेलं आहे. मी लिहिणार आहे ते एका लोखंडी दांड्याबद्दल.

2024च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं धाकट्या लेकीकडे ओहायोत होतो. तिच्याकडे एक जुना पिकअप ट्रक आहे. तिकडे घरोघरी बायकासुद्धा असले ट्रक चालवतात, त्यात नवल नाही. तिनं कुणाकडून तरी एक लहान ट्रेलर विकत घेतला, चार फूट बाय आठ फूट, बागेची माती आणायला. शिवाय ऑगस्टात नातवाला कॉलेजात सोडायचं, त्याचं सामान न्यायला. आता ट्रेलर ट्रकला जोडायचा तर ट्रकच्या मागे खालून एक भक्कम आडवा दांडा बसवावा लागतो. त्याला म्हणतात ट्रेलर हिच. ('हीच ती'मधली हीच नव्हे. मी हा विनोद पहिल्या दिवशीच केला, कुणी हसलं नाही.)

जावईबापू म्हणाले, दुकानात देऊन टाकू. लेक म्हणाली, "मी बसवते. आप्पा आहेत ना मदतीला." मी बी.ए. मराठी. उभी हयात व्याकरण आणि निबंध शिकवण्यात गेली. घरातला फ्यूज गेला तर शेजारच्या वायरमनला हाक मारणारा माणूस. तरी चहा घेऊन बाहेर गेलो.

सकाळी आठ वाजता ती ट्रकखाली पाठीवर आडवी झाली. आधी स्टेपनी उतरवली. तिकडे ती मागे पोटाखाली टांगलेली असते, बंपरमधल्या भोकातून लांब सळई घालून फिरवली की साखळीनं खाली येते. मग जुने बोल्ट. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे खालचं सगळं लोखंड गंजतं. दोन बोल्ट काही केल्या हलेनात. तिनं त्यावर तेल फवारलं आणि म्हणाली, "अर्धा तास थांबायचं. जोर लावला तर तुटतील." हे ऐकून मला हसू आलं, कारण लहानपणी 'थांब' हा शब्द तिला ठाऊक नव्हता.

मधेच ती म्हणाली, "आप्पा, बॅटरी सोडवायचीय, दहा नंबरचा पाना आणा." मी आत जाऊन उजेडाची बॅटरी घेऊन आलो आणि उघडून सेल काढले. तिला ट्रकची बॅटरी म्हणायची होती. वायरिंग करताना आधी तिची निगेटिव्ह वायर सोडवून ठेवतात. असो. सेल परत घालून पुढे दिवसभर मी तीच बॅटरी धरून बसलो.

हिचचं वजन वीसेक किलो. खाली जॅक लावून तिनं तो वर चढवला, दोन्ही बाजूंना तीन-तीन बोल्ट लावले आणि टक् असा आवाज करणाऱ्या पान्यानं आवळले. हवा तेवढा जोर झाला की तो पाना टक् म्हणतो. दांड्याच्या मधोमध दोन इंची चौकोनी तोंड असतं, त्यात बॉलचा तुकडा सरकवून आडवी पिन घालायची. बॉलही पावणेदोन-दोन इंच असा अंदाजपंचे चालत नाही. एक पूर्णांक सात अष्टमांश, दोन, आणि दोन पूर्णांक पाच षोडशांश असे मुख्य आकार. ट्रेलरच्या तोंडावर जो आकडा कोरलेला असेल तोच घ्यायचा. लहान बॉल बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उसळून सुटतो.

मग तिनं वजनाचं सांगितलं. ट्रेलरच्या भरलेल्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार बॉलवर यायला हवा. दोन हजार पौंडांचा ट्रेलर असेल तर दोनशे ते तीनशे. माल मागे जास्त भरला तर ट्रेलर रस्त्यावर शेपटासारखा झोके घेतो आणि ट्रकलाही ओढतो. मी म्हटलं, "म्हणजे गाडी उलाळ होते!" तिनं ट्रकखालून डोकं बाहेर काढलं. आमचे चुलते बैलगाडीत ऊस भरताना हेच ओरडायचे. मागे भार जास्त झाला की जू वर उचलतं, बैलांच्या गळ्यातली जुपणी आवळते. धुरेवर थोडा भार हवाच. ती म्हणाली, "आप्पा, हे तुम्हाला माहीत होतं?" अहो, मला बैलगाडी माहीत होती, एवढंच.

आता जे लिहायचं आहे ते. 1996 साली ही दहावी झाली. सायकलची चेन, शेजाऱ्यांच्या लुनाचा प्लग, शिवणयंत्र, सगळं उघडून बघायची. कराडच्या तंत्रनिकेतनाचा फॉर्म स्वतः आणला, मेकॅनिकल डिप्लोमासाठी, आणि माझ्यापुढे सहीला ठेवला. मी म्हटलं, वर्कशॉपमध्ये सगळी पोरंच, मुलीच्या जातीला ग्रीसमध्ये हात घालायला कुणी सांगितलंय. सौ. म्हणाली, "जाऊ दे की तिला." मी ऐकलं नाही. त्याच वर्षी मी नववीच्या मुलांकडून स्त्री-पुरुष समानतेवर निबंध लिहून घेतला होता आणि सहामाहीच्या पेपरांच्या गठ्ठ्याखाली तो फॉर्म मुदत संपेपर्यंत तसाच पडून होता. ती बी.एस्सी. झाली, पुढे कॉम्प्युटर शिकली, चांगलं चाललं. त्यामुळे कुणी मला काही विचारलं नाही.

त्या दुपारी तिचे फक्त पाय दिसत होते. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच बहुतेक बोलू शकलो. म्हटलं, "त्या फॉर्मवर मी सही करायला हवी होती."

थोडा वेळ पान्याचा आवाज थांबला. मग खालून आलं, "आप्पा, बॅटरी जरा डावीकडे."

मी डावीकडे केली.

वायरिंग संध्याकाळी. चार वायरी. पांढरी म्हणजे अर्थिंग, तपकिरी मागच्या साध्या दिव्यांची, पिवळी डाव्या बाजूच्या इंडिकेटर-ब्रेकची, हिरवी उजव्या. तिकडच्या ट्रेलरला ब्रेक आणि इंडिकेटर एकाच दिव्यात असतात. ट्रकच्या मागच्या दिव्यांचे जोड सोडवून मध्ये हे नवीन जोड बसवायचे, वायर कापावी लागत नाही. मग ट्रेलर जोडला, साखळ्या खालून फुलीसारख्या अडकवल्या (तोंड निसटलंच तर जमिनीवर न पडता साखळ्यांच्या झोळीत पडतं), तिनं बॅटरीची वायर परत लावली आणि आत बसली. मी मागे उभा.

डावा इंडिकेटर दिला. मी ओरडलो, "लागतोय, पण काहीतरी चुकतंय."

"काहीतरी म्हणजे काय? नीट सांगा."

हे वाक्य मी आयुष्यभर मुलांना म्हणत आलो. पुन्हा बघितलं आणि सांगितलं, "डावा लुकलुकतो, पण मंद. त्याच वेळी उजवाही लुकलुकतो, त्याहून मंद. ब्रेक दाबलास की साधे दिवे मंद होतात, पण पूर्ण विझत नाहीत."

ती लगेच उतरली. "अर्थिंग!" पांढऱ्या वायरीचा स्क्रू तिनं रंगावरच आवळला होता. विजेला परतीची वाट नाही मिळाली की ती दुसऱ्या दिव्यातून वाट काढते, म्हणून दोन्ही अर्धवट पेटतात. पॉलिश पेपरनं रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलं आणि स्क्रू परत बसवला. हात धुताना ती म्हणाली, "सौरऊर्जेच्या पॅनेलचं वायरिंग शिकवणारा कोर्स आहे इथे. रात्रीचा. घालू का नाव?"

मी म्हटलं, "मला काय विचारतेस?"

"विचारलं आपलं," म्हणाली, आणि परत ट्रकमध्ये जाऊन बसली.

"डावा?"

"लख्ख. फक्त डावा."

"उजवा?"

"लख्ख."

"ब्रेक?"

"दोन्ही," मी ओरडलो. समोरच्या घरातल्या आजीबाई खिडकीत आल्या होत्या, त्यांनी हात हलवला.