आधी वल्हं, मग होडी

सफरीची चौकशी करायला आलेले लोक पहिला प्रश्न होडीचाच विचारतात. कॅनू पंधरा फुटी घ्यावी की सतरा? केव्हलारची की प्लास्टिकची? मी त्यांना आधी सपाट बाकावर बसवतो आणि हातात वल्हं देतो. वल्हं उलटं धरून मूठ बाकावर टेकवायची. दांडा संपून पातं सुरू होतं ती जागा नाकाडोळ्यांच्या आसपास आली पाहिजे. उभं राहून हनुवटीपर्यंत मोजण्याची पद्धत फसवते, कारण पाती लांब-आखूड असतात आणि आपल्या मापाचा हवा तो दांडा.

आपल्या खाडीतल्या होडीचं वल्हं बहुधा काठाला अडकवलेलं असतं. कॅनूचं मोकळं, त्याचा सगळा भार दोन हातांवर. मिनिटाला चाळीस हात धरले तर पाच तासांत १२,००० होतात. वल्हं नुसतं १०० ग्रॅमनं जड असलं, तरी दिवसाकाठी १,२०० किलो जास्तीचं उचललं जातं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, अल्गॉनक्विन पार्कातल्या माझ्या पहिल्या सफरीत भाड्याच्या होडीसोबत ॲल्युमिनियमच्या दांड्याचं वल्हं मिळालं. ते मी मुकाट्यानं घेतलं. तिसऱ्या दिवशी मनगट सुजलं, मूठ वळेना. तेव्हापासून पैसे कमी पडले तर होडी भाड्याची घ्या, पण वल्हं स्वतःचं घ्या, असंच मी सांगतो.

खोल तळ्यांसाठी मला चेरीच्या लाकडाचं, पाणमांजराच्या शेपटीसारखं लांब, अरुंद पातं आवडतं. ते पाण्यात आवाज न करता शिरतं आणि हात संपल्यावर पाण्यातूनच कडेवर वळवून पुढे आणता येतं. खडकाळ, उथळ नदीत मात्र ते कुचकामी. तिथे आखूड, रुंद आणि टोकाला राळेचं कवच असलेलं पातं हवं. एक जादा वल्हं होडीत असलंच पाहिजे, यावर मी वाद घालत नाही.

आता होडी. दुकानात ती जमिनीवर स्थिर असते, तिथेच माणूस चुकतो. सपाट बुडाची होडी शांत पाण्यात अगदी पाटासारखी वाटते, पण बाजूनं लाट आली की लाटेच्या उतारावरच कलते आणि एका मर्यादेनंतर एकदम उलटते. किंचित गोलसर बुडाची होडी बसताक्षणी डुगडुगते, नवखा घाबरतो. पण ती कलली तरी कलत्या अंगावर तोलून राहते. मी दुसरीच घ्यायला लावतो. दोन्ही टोकं वर उचललेली असली की होडी चटकन वळते, ती नदीची. मोठ्या तळ्यात वाऱ्याशी झुंजायचं असेल तर बूड लांबीला सरळच बरं. कॅनडातल्याच फ्रेडरिक्टनच्या चेस्टनट कंपनीची प्रॉस्पेक्टर ही कॅनू चित्रपटकार बिल मेसनच्या माहितीपटांमुळे घरोघरी पोचली. भरलेली असताना ती सुरेखच चालते, पण रिकामी असली की वारा तिला पानासारखी फिरवतो.

खरी परीक्षा जमिनीवर होते. अल्गॉनक्विनमध्ये दोन हजार किलोमीटरहून अधिक जलमार्ग आहेत, पण दोन तळ्यांमधलं रान होडी खांद्यावर घेऊन तुडवावं लागतं. याला पोर्टेज म्हणतात. सर्वांत लांब पोर्टेज पाच किलोमीटरहून जास्त आहे. होडीच्या मधोमध खांद्यांसाठी कोरलेली आडवी पट्टी असते. तिचं इथलं नावही जूच! सोळा फुटी केव्हलारची होडी साधारण वीस किलोंची, तेवढीच प्लास्टिकची तिसाच्या आसपास. हे दहा किलो दुकानात जाणवत नाहीत, चिखलाच्या चढावर डासांनी हैराण केलं की जाणवतात. म्हणून मी गिऱ्हाइकाला होडी उचलून दुकानाभोवती दोन फेऱ्या मारायला लावतो.

दिवाळीच्या सुमारास इथली थंडी वाढते आणि वल्ही घरात येतात. मुठीवरचं व्हार्निश हाताला फोड आणतं. ते मी खरवडून काढतो, बारीक पॉलिश पेपर फिरवतो आणि जवसाचं तेल चोळतो. एका रात्रीत लाकूड तेल पितं, मग दुसरा हात. तेलाचं फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकायचं नाही, ते आपोआप पेट घेऊ शकतं. मी ते अंगणातल्या दोरीवर पसरून वाळवतो.