सावकाश जळणारी दारू

जुन्या हिशेबाचा तोळा ११.६६ ग्रॅमचा. जळगावच्या सराफ बाजारात हल्ली तोंडाने तोळा म्हणतात आणि काट्यावर दहा ग्रॅम ठेवतात, तो भाग वेगळा. पण इंग्रजी अमदानीत तोळा ठरला तो १८० ग्रेनचा. आणि थर्टी-ओ-सिक्स नावाचं जे शिकारी रायफलीचं काडतूस जगभर चालतं, त्यातली नेहमीच्या वापरातली जड गोळीही बरोबर १८० ग्रेनची. म्हणजे एक तोळा, आत शिसं आणि वर तांब्याचं कवच. एवढा ऐवज दोन-तीनशे वारांवर नेऊन टाकायला जी दारू लागते, ती तोळ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्याही आत. सोनाराने जोखावी अशीच वस्तू.

हे मला कळलं ते भाच्यामुळे. पोरगा वाढला आमच्या पिंप्राळ्यात, आता टेक्सासात असतो. तिथे तो हिवाळ्यात परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो आणि काडतुसं स्वतः भरतो. मारणं मला पटत नाही, हे त्याला ठाऊक आहे. पण काडतूस भरताना तो व्हिडिओ कॉल लावून ठेवतो आणि मी मुकाट्याने बघत बसतो. उडालेली पुंगळी साफ करायची, बुडाला नवी टोपी बसवायची, जोखलेली दारू ओतायची, तोंडाशी गोळी दाबायची. टेबलावर दारूचा डबा एकच. मी एकदा विचारलं, बाकीचे कुठे? "कपाटात, मामा. दोन डबे समोर ठेवायचेच नाहीत. गप्पांच्या नादात हात दुसऱ्याकडे गेला, की संपलं." मग त्याने थोडे दाणे बशीत घेऊन कॅमेऱ्यासमोर धरले. पेन्सिलीचं शिसं बारीक बारीक कातरावं तसे करडे, ग्राफाइटच्या लेपाने चकाकणारे. नीट पाहिलं तर प्रत्येक तुकड्याला आरपार भोक, सुईच्या टोकाएवढं.

सगळी मेख त्या भोकात आहे. दारू निवडायची म्हणजे ती किती जोराची हे बघायचं, असा माझा समज होता. निवडायची असते ती जळण्याची चाल. पिस्तुलाची दारू झटकन जळते, कारण तिथे गोळी हलकी आणि नळी आखूड. तीच दारू रायफलीच्या मोठ्या पुंगळीत भरली तर जड गोळी जागची पुरती हलण्याआधीच दाब शिगेला पोचतो आणि रायफल शिकाऱ्याच्या तोंडाशी फुटते. पुंगळी मोठी आणि गोळी जड, तशी दारू सावकाश हवी. आषाढी एकादशीला आमच्याकडे विठ्ठलाचा रथ निघतो. तो हिसका मारून हलत नाही. रेटा हळूहळू चढवावा लागतो आणि चाक फिरू लागल्यावरही टिकवावा लागतो. दाण्यातलं भोक नेमकं तेच करतं. दाणा बाहेरून जळून बारीक होतो, पण आतलं भोक जळत जळत रुंदावतं. बाहेरचा पृष्ठभाग जितका घटतो तितका आतला वाढतो, आणि गोळी नळीतून पुढे सरकत असताना मागून वायूचा पुरवठा आटत नाही.

हा दाणा मुळात कापूस आहे, हे खानदेशातल्या माणसाला सांगायला मजा वाटते. जिनिंगमधून रुई निघून गेली तरी सरकीवर आखूड लव उरते. ती लव किंवा लाकडाचा लगदा यांवर आम्लांची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज होतं. १८४६ साली बाझेलच्या शोनबाइनने हा भडकणारा कापूस जाहीर केला. दिसायला साधा कापूस, पण इतक्या घाईने पेटणारा, की बंदुकीत घालायची सोय नव्हती. तो बनवणारे कारखानेच उडाले. जवळजवळ चार दशकं त्या घाईला लगाम सापडला नाही. १८८४मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने तो द्रावकात भिजवून, लगदा करून, लाटून, कातरून शिंगासारखा कडक केला. तंतू मोडला आणि जळणं थरावर थर असं होऊ लागलं. या विद्येचा पुढचा इतिहास जोर वाढवण्यापेक्षा चाल आवरण्याचाच जास्त आहे, असं माझं मत.

दुसरा मुद्दा उन्हाचा. इंग्रजांची कॉर्डाइट नावाची दारू १८८९ची, पिवळसर लांब काड्यांची. ती तापली की जास्त वेगाने जळे आणि दाब चढे. म्हणून हिंदुस्थान-आफ्रिकेत जाणाऱ्या शिकारी काडतुसांसाठी ती मुद्दाम कमी भरण्याची पद्धत पडली. 'ट्रॉपिकल लोड' असं त्याचं नावच होतं. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, पत्र्यावर हात ठेववत नाही. अशा उन्हात तासभर पडलेलं काडतूस आणि स्कॉटलंडच्या धुक्यातलं काडतूस एकच कसं असेल? आता ऑस्ट्रेलियात बनणाऱ्या काही दारूंवर थंडी-उन्हाचा फारसा परिणाम होत नाही. भाचा त्यातलीच वापरतो, टेक्सासचं ऊनही काही मवाळ नाही.

बाकी निवड पुस्तकातून. दारू बनवणारे आणि गोळी बनवणारे स्वतः चाचण्या करून तक्ते छापतात. भरणारा सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरू करतो, चढवताना चिमूटभर चढवतो. टोपी चपटी दिसू लागली, बोल्ट उघडताना अडकू लागला, की थांबतो. तक्त्यातल्यापेक्षा फार कमी भरणंही धोक्याचं. सावकाश दारू अर्ध्या रिकाम्या पुंगळीत कधी कधी विचित्र भडकते. म्हणून पुंगळी बहुतेक भरेल अशीच दारू बरी. तिचा आणखी एक फायदा म्हणजे चुकून दुप्पट ओतली तर ती उतू जाते, म्हणजे चूक लगेच दिसते. आणि डब्यावरच्या नुसत्या आकड्यावर विसंबायचं नाही. ४८३१ हा एकच आकडा दोन वेगळ्या दारूंच्या डब्यांवर असतो आणि दोघींची चाल वेगळी. एकीचा तक्ता दुसरीला लावणारे महाभाग अमेरिकेतही आहेत.

आमच्या मुलखात हा खेळ नवा नाही. १८१९मध्ये वाघाच्या मागावर निघालेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली. १८२५मध्ये आउट्रम या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेश भिल्ल पलटण उभी केली, ती भिल्लांशी सातपुड्यात शिकारी करत करत. तेव्हाची बंदूक ठासणीची, दारू काळी. सोरा, गंधक आणि कोळसा, तोही तुराट्यांचा चांगला मानत. चाल तेव्हाही होती. ती दाण्याच्या आकारावर ठरे. बारीक दाणा बत्तीच्या कानाला, जाड दाणा मोठ्या नळीला. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, आणि १९५९च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय काडतूस बनवणंही बेकायदा आहे. आज केळीत शिरलेल्या रानडुकरावरसुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय बार काढता येत नाही.

म्हणून इथे दारू निवडण्याचं काम कारखान्यांचं. पिंप्राळ्याहून तासाभरावर वरणगाव, तिथे १९६४ साली स्थापन झालेल्या आयुध निर्माणीत लष्करासाठी काडतुसं होतात. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ला स्फोट होऊन आठ कामगार गेले. चाल आवरण्याची विद्या जुनी असली तरी ती अजून पुरती माणसाच्या मुठीत आलेली नाही.

खानदेशातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर आजोबांच्या वेळची काडतुसं अजून सापडतात. त्यांत कोणती दारू आहे, कॉर्डाइट की काळी, आणि इतक्या उन्हाळ्यांनी तिचं काय झालंय, हे बाहेरून कुणालाच ओळखता येत नाही. तुमच्याकडे असतील तर ती उकलून पाहू नका, पोरांच्या हाती देऊ नका, त्यातली दारू ठासणीच्या बंदुकीत तर मुळीच घालू नका. कॉर्डाइटसारख्या बिनधुराच्या दारूने जुनी नळी फाटू शकते. खिशात घालून नेऊही नका. जवळच्या पोलीस ठाण्याला आधी फोन करून कळवा आणि ते सांगतील तशी जमा करा.