थेंब कुठून पडतो?
"डॉक्टरसायेब, कुत्री तीन महिन्यांपासून माजावरच हाये." आर्वीकडचा शेतकरी असं म्हणाला की माझं निम्मं निदान तिथेच होतं. माजाचा स्राव दोन-तीन आठवड्यांत थांबतो; त्यापुढेही गळणारं रक्त बहुधा जननेंद्रियातल्या संसर्गी गाठीचं, म्हणजे एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या कर्करोगाचं. नराची तक्रार "लघवीत रक्त" अशी येते. मग मी विचारतो, लघवी करतानाच की बसल्या जागीही थेंब पडतात? मूतखड्याचा कुत्रा पुन्हापुन्हा पाय वर करतो, कुंथतो. संसर्गी गाठीचा कुत्रा बहुधा निवांत मुततो, थेंब मात्र नंतरही गळत राहतो.

मग पाहायचं. शिश्न म्यानातून पार मुळापर्यंत बाहेर काढायचं, कारण गाठ बहुतेकदा मागे, मुळाशी दडलेली असते. नुसतं टोक पाहून 'काही नाही' म्हणणारे बरेच. कुत्रीत हातमोजा घालून बोटाने चाचपायचं. हाताला लागते फुलकोबीसारखी ठिसूळ, धक्का लागताच रक्त सोडणारी गाठ.

तुकडा नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पाठवता येतो, पण वर्ध्यात बसून काचेवरही काम भागतं. वरचं रक्त टिपून गाठीवर स्लाइड दाबायची, वाळवायची, जिम्साने रंगवायची. गोल पेशी, मोठं केंद्रक, आणि पेशीद्रवात पारदर्शक पोकळ्यांची रांग. ती रांग दिसली की मी खुर्चीत मागे टेकतो.

कुत्र्याच्या पेशीत 78 गुणसूत्रं असतात, या पेशींत साधारण 57 ते 64. कारण त्या या कुत्र्याच्या नव्हेतच. हजारो वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या पेशी समागमातून, हुंगण्या-चाटण्यातून अजून फिरताहेत. 1876 मध्ये रशियात नोविन्स्की यांनी ही गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली होती. हुंगण्यामुळेच ती नाकातही होते. आमच्याकडे नाकातून रक्त आलं की सगळ्यांना आधी गोचीडताप आठवतो, आणि पुष्कळदा तो असतोही. पण रक्त एकाच नाकपुडीतून असेल, चेहरा एका बाजूने फुगला असेल, तर तो स्रावही काचेवर घ्यावा.

औषध सदाफुलीतून निघालेलं व्हिन्क्रिस्टीन. आठवड्यातून एकदा, शिरेतून. शिरेबाहेर सांडलं तर तिथली कातडी सडते, म्हणून स्लाइड पाहिल्याशिवाय ते टोचायचं नाही, यावर मी हटून बसतो. बऱ्याच गाठी चार ते सहा इंजेक्शनांत विरतात. अडचण दुसऱ्या-तिसऱ्या इंजेक्शननंतर येते: रक्त थांबतं, आणि मालकही. मी फोन लावतो.

"आता एकदम चांगली हाये सायेब, सोयाबीन निघालं की आणतो."