ऑटोवर सोडलेलं सुकाणू

नागपुरात 'ऑटो' म्हटलं की तीन चाकांची रिक्षा. आज लिहितोय ते दुसऱ्याच ऑटोबद्दल. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा, पण वाचा.

आमच्या शेजारी नौदलातून निवृत्त झालेले एक काका राहतात. निवृत्तीनंतर काही वर्षं ते मुंबईत लोकांच्या शिडाच्या होड्या दुरुस्त करायचे. एकदा त्यांच्याकडे जुन्या ऑटोपायलटचं काम आलं. होडी सरळ जायचं सोडून नागमोडी जायची. मालक म्हणाला, मशीन म्हातारं झालं, नवीन टाकू.

काका मला सांगत होते, "अरे बाबू, मशीनला शिव्या द्यायच्या आधी ते बंद करायचं आणि सुकाणू स्वतः धरायचं. हाताला जड लागलं तर शिडं चुकीची लावलीयेत. मशीन बिचारं त्यांच्याशीच झगडत असतं."

त्या यंत्रात मुख्य गोष्टी चारच. होकायंत्राचा सेन्सर दिशा सांगतो. कंट्रोलची पेटी ती ठरवलेल्या दिशेशी ताडून पाहते. मोटर सुकाणू फिरवते. आणि सुकाणू किती फिरलं ते दुसरा सेन्सर पेटीला परत कळवतो. काकांनी एकेक तपासलं. बॅटरी मोटर चालू असताना मोजली, कारण एरवी 12 व्होल्ट दाखवणारी बॅटरी भार आला की मान टाकते. खाऱ्या हवेने हिरवे पडलेले वायरींचे जोड घासले. थोडा फरक पडला, पण होडी भरकटायचीच. शेवटी होकायंत्राच्या सेन्सरला लागून असलेलं कपाट उघडलं, तर आत पान्यांचा लोखंडी डबा! होडी डुलली की डबा सरकायचा आणि सेन्सरची उत्तर दिशा बदलायची. डबा हलवला, होडी सरळ झाली. काका म्हणाले, "पेटी शहाणीच होती. तिला खरं कोणी सांगत नव्हतं."

समुद्रापासून इतक्या लांब, झीरो माइलच्या गावात बसून हे ऐकलं आणि मी वाचत गेलो. 'सुहैली' ही 32 फुटांची होडी आपल्या मुंबईत, सागवानात बांधलेली. तीच घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 ला इंग्लंडहून एकटे निघाले. वाऱ्यावर चालणारं त्यांचं स्वयंचलित सुकाणू ऑस्ट्रेलियाजवळ कायमचं निकामी झालं. निम्म्याहून जास्त प्रवास बाकी होता. त्यांनी शिडांचा तोल असा साधला की होडी आपली आपण दिशा धरू लागली. 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 ला ते परतले. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले. स्पर्धेत नऊ जण उतरले होते, पूर्ण केली यांनी एकट्याने. पुढे 2009-10 मध्ये 'म्हादेई'वरून एकट्याने प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, कमांडर दिलीप दोंदे, याच माणसाकडे शिकले.

2022 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत आपले अभिलाष टॉमी होते. तिथे जीपीएस आणि विजेवरचा ऑटोपायलट चालत नाही. त्यांचं वाऱ्यावरचं सुकाणू वारंवार मोडलं. त्यांनी होडीतल्या संडासाचं दार कापून त्याची पाती बनवली आणि दुसरे आले.

आता मुद्द्यावर येतो. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आपण कोणीच विसरलो नाही. काही तासांत 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, अंबाझरी ओव्हरफ्लो, नाग नदी रस्त्यावर, मोरभवन पाण्यात. आमच्या अपार्टमेंटच्या तळघरात पाणी उपसायचा ऑटो पंप आहे. पाणी चढलं की फ्लोट वर येतो, पंप सुरू. त्या रात्री आमच्या गल्लीत बराच वेळ लाइट होती. पण फ्लोटला प्लास्टिकची पन्नी अडकलेली. पेटीच्या हिशेबाने तळघर कोरडं होतं. पॅनेलवरचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

मॅन्युअलचं बटण होतं. ते गंजून घट्ट बसलेलं. पॅनेलची चावी कुठे आहे, कोणालाच माहीत नाही.

ज्याला माहीत होतं तो जुना चौकीदार वर्षभरापूर्वी गेला होता. पंप ऑटो आहे, मग दोन चौकीदार कशाला, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं. त्या ठरावावर सेक्रेटरी म्हणून सही माझी आहे.

नवा चौकीदार बायको-मुलीसह तळघराच्या खोलीत राहायचा. तिघं जिन्यावर पळाले, वाचले. मुलीची दहावीची पुस्तकं, शिलाई मशीन, कागदपत्रं, सगळं गेलं. सकाळी तो मला म्हणाला, "भाऊ, पंप खराब होता का?" मी हो म्हणालो. खोटं बोललो. पंप चांगला होता.

पुस्तकं आम्ही आणून दिली, खोली वर दिली. त्याने माझी सही पुसली जात नाही. पत्रकार म्हणून मी वीस वर्षं दुसऱ्यांना विचारत आलो की जबाबदार कोण. या वेळी उत्तर घरातच होतं.

ऑटो वाईट नाही. एकट्या खलाशाला झोप मिळते ती त्याच्याच भरवशावर. पण तो झोपतो तेव्हा सुकाणू हातात कसं घ्यायचं हे त्याला माहीत असतं. आपण मात्र ऑटो लावला की माहीत असणाऱ्या माणसालाच काढून टाकतो. घरात, सोसायटीत, ऑफिसात, शहरात.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही बादलीने पाणी ओतून फ्लोट तपासतो आणि पंप हाताने चालवून पाहतो. पाळी ठरलेली आहे, चावी खिळ्याला टांगलेली आहे. काका खुर्ची टाकून बघत बसतात.

मंडळी, तुमच्या बिल्डिंगचं मॅन्युअलचं बटण शेवटचं कोणी दाबलं होतं? पावसाळ्याच्या आधी एकदा विचारा. आणि चावी कोणाकडे आहे, तेही.