बर्फाच्या वाटेवरचा खोळंबा

हिवाळ्याची सुट्टी जवळ आली, की परभणीच्या दवाखान्यात सर्दी-खोकल्याच्या रुग्णांबरोबर एक ठरावीक प्रश्नही येतो : “डॉक्टरसाहेब, मुलांना घेऊन मनालीला निघालो आहोत. सोबत कोणती औषधे ठेवावीत?” पूर्वी असा प्रश्न चारधामला निघालेली वडीलधारी मंडळी विचारीत. आता तो तरुण आईवडील विचारतात आणि सोबत आजी-आजोबाही असतात. साऱ्यांना धास्ती असते ती थंडीची. वास्तविक थंडी आपल्याला अगदीच परकी नाही. डिसेंबर २०१८ मध्ये वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील नोंदीनुसार परभणीचे तापमान दोन अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. आपल्याला खरोखर परकी आहे ती निराळीच गोष्ट : बर्फात, उंचावर, तासन्‌तास एकाच जागी उभी राहिलेली गाडी. औषधांच्या यादीत या खोळंब्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. म्हणून हा लेख.

चारशे मीटरपासून तीन हजार मीटरपर्यंत

परभणीहून हिमाचलला जाणे आता अवघड राहिलेले नाही. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस आपल्या स्थानकावर थांबते आणि दुसऱ्या दिवशी अंबाल्याला पोहोचवते. तिथून पुढे मोटारीचा रस्ता : चंदीगड, किरतपूर, बिलासपूर, मंडी, कुल्लू आणि मनाली. मंडीनंतर बियास नदी सोबतीला येते. हीच पुराणांतील विपाशा. एका हाताला नदीचे खोल पात्र आणि दुसऱ्या हाताला उभा कडा, अशी या रस्त्याची बराच काळ स्थिती असते. दृश्य विलोभनीय असते. पण वाट अरुंद झाली तर गाडी बाजूला घ्यायला जागा नसते. जुलै २०२३ च्या पुरात बियासने या महामार्गाचे तुकडेच्या तुकडे वाहून नेले होते.

समुद्रसपाटीपासून परभणीची उंची साधारण चारशे मीटर, मनालीची सुमारे दोन हजार पन्नास मीटर. मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटरवर सोलंग आहे. हिवाळ्यात येथील उतारांवर स्कीइंग चालते, मनालीच्या गिर्यारोहण संस्थेचे विद्यार्थी येथे शिकतात आणि आपल्याकडचे पर्यटक बर्फाचे पहिले गोळे बहुधा येथेच एकमेकांवर फेकतात. वाटेवर बर्फाचे कपडे आणि बूट भाड्याने देणारी दुकाने ओळीने लागतात. त्यांना क्रमांक असतात आणि कोणत्या क्रमांकाच्या दुकानात थांबायचे ते चालकाने आधीच ठरवलेले असते.

सोलंगच्या पुढे रस्ता धुंदीकडे चढतो आणि सुमारे तीन हजार साठ मीटर उंचीवर अटल बोगद्याच्या तोंडाशी पोहोचतो. नऊ किलोमीटरहून किंचित लांब असलेला हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्याआधी लाहौलात जायचे तर ३९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे आणि हिवाळ्यात ती महिनोन्‌महिने बंद असे. लाहौलच्या लोकांसाठी हा बोगदा वरदान ठरला. आजारी माणसाला हिवाळ्यात खाली आणण्याची सोय झाली. मात्र त्याच वाटेने आपणही बोगद्यापलीकडच्या सिस्सूला तासा-दीड तासात पोहोचू लागलो, आणि नाताळच्या आठवड्यात ती वाट गाड्यांनी भरू लागली. २३ डिसेंबर २०२४ रोजी हिमवर्षाव झाला, तेव्हा सोलंग आणि बोगदा यांच्या दरम्यान सुमारे एक हजार गाड्या अडकल्या. सुमारे सातशे पर्यटकांना पोलिसांनी सुखरूप बाहेर काढले.

वाट कशी तुंबते

दिवाळीच्या सुट्टीत वाईहून पसरणी घाट चढणाऱ्यांना कोंडी ठाऊक असते. तिथे वेळ वाया जातो, मुले रडकुंडीला येतात, पण रात्री घर किंवा हॉटेल गाठता येते. बर्फातली कोंडी वेगळ्या रीतीने घडते. दिवसा चाकांखाली वितळलेले पाणी ऊन उतरताच गोठते आणि डांबरावर काचेसारखा पातळ थर जमतो. तो नजरेला दिसतही नाही. चढावर एक गाडी घसरून आडवी होते. मागच्या गाड्या थांबतात. मग कोणीतरी अधीर होऊन समोरून येणाऱ्यांच्या मार्गिकेत शिरतो, त्याच्या मागे आणखी दहाजण शिरतात. येणारी आणि जाणारी अशा दोनच मार्गिका असलेल्या रस्त्यावर तिसरी रांग उभी राहिली, की बर्फ हटवणारे यंत्र, पोलीस आणि रुग्णवाहिका, सारेच अडतात. बर्फाने अडवलेला रस्ता मोकळा करता येतो. माणसांनी अडवलेल्या रस्त्यावर मदतीचे यंत्रच पोहोचू शकत नाही.

हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही. २७ डिसेंबर २०१४ रोजी फ्रान्समधील आल्प्सच्या सावोआ भागात स्की केंद्रांकडे जाणारी आणि तिथून परतणारी सुमारे पंधरा हजार वाहने बर्फामुळे अडकली होती. लोकांसाठी रात्रीचे तात्पुरते निवारे उघडावे लागले. १ नोव्हेंबर २०२१ पासून तिथे ठरावीक डोंगरी भागांत हिवाळ्यामध्ये बर्फाचे टायर वापरणे किंवा चाकांच्या साखळ्या सोबत ठेवणे बंधनकारक झाले आहे.

डोके दुखते आहे, पण कशामुळे?

आता वैद्यकीय भागाकडे येतो. कोंडीत अडकलेल्या गाडीत कोणीतरी म्हणते, “डोके जड झाले आहे, मळमळते आहे.” घरातले अनुभवी माणूस लिंबू हुंगायला देते आणि उलटीची गोळी पुढे करते. पण या वाटेवर याच तक्रारीची तीन कारणे असू शकतात आणि त्यांचे उपाय भिन्न आहेत.

पहिले कारण म्हणजे गाडी लागणे. वळणावळणाच्या रस्त्याने ते होते. गाडी थांबल्यावर थोड्या वेळात बरे वाटू लागते. उलटीची गोळी निघण्यापूर्वी अर्धा-एक तास आधी घ्यायची असते. तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये.

दुसरे कारण उंची. तीन हजार मीटरवर श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे सत्तर टक्केच असतो. अडीच हजार मीटरच्या वर काहींना डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि निद्रानाश जाणवतो. हा त्रास बहुधा वर पोहोचल्यावर काही तासांनी सुरू होतो. सकाळी बोगद्यापलीकडे जाऊन संध्याकाळी मनालीला उतरणाऱ्यांना तो सहसा गाठत नाही. खोळंबा मात्र हे गणित बिघडवतो. दोन तासांची भेट उंचावरचा रात्रीचा मुक्काम ठरते, तोही शरीराला सवय नसताना. हृदयविकार, दमा, जुना फुप्फुसाचा विकार किंवा रक्तक्षय असलेल्यांनी प्रवासाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा तो यासाठीच. उंचीच्या त्रासावरची गोळीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. ती सर्वांना चालत नाही. त्रास वाढत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा तोल जात असेल, तर खरा उपाय एकच : खाली उतरणे.

तिसरे कारण सर्वांत घातक आणि सर्वांत कमी ओळखले जाणारे : कार्बन मोनॉक्साइड. चालू इंजिनाच्या धुरात हा वायू असतो. त्याला ना रंग, ना वास. गाडीच्या मागे बर्फ साचून सायलेन्सरचे तोंड बुजले, की धूर बाहेर पडण्याऐवजी गाडीखाली कोंडतो आणि फटींतून आत शिरतो. आत काचा बंद, हीटर चालू, मुले पांघरुणात. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. आधी डोके दुखते, मग गरगरते, मग गुंगी येते. दमलेली माणसे तिला झोप समजतात.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. करोनाच्या काळापासून अनेक घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे आणि प्रवासातही तो सोबत असतो. या विषबाधेत त्याच्यावर विसंबू नये. प्राणवायू धरलेले हिमोग्लोबिन आणि हा विषारी वायू धरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्या साध्या यंत्राला कळत नाही. माणूस गुंगीत जात असतानाही आकडा अठ्ठ्याण्णव दिसू शकतो. खूण वेगळी आहे. एकाच गाडीतल्या अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी किंवा मळमळ सुरू झाली आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर ती कमी होऊ लागली, तर हाच वायू समजावा. इंजिन ताबडतोब बंद करावे, दारे उघडावीत, सर्वांना बाहेर काढावे आणि ११२ किंवा १०८ वर मदत मागावी. गुंगी आलेल्या माणसाला प्राणवायू द्यावा लागतो. तो बरा दिसू लागला तरी रुग्णालयात न्यावे.

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मुरी या थंड हवेच्या ठिकाणी हे साऱ्या जगाने पाहिले. इस्लामाबादपासून साठ-एक किलोमीटरवरच्या या गावी बर्फ पाहण्यासाठी हजारो गाड्या चढल्या, हिमवर्षाव थांबेना आणि ७ तारखेच्या रात्री वाट बंद झाली. किमान २२ माणसे मृत्यू पावली, त्यांत १० मुले होती. त्यांतील बरेचजण आपापल्या गाड्यांमध्येच मृतावस्थेत सापडले. कोणी गारठ्याने गेले, कोणी कोंडलेल्या धुराने. एकाच गाडीत एका कुटुंबातील आठजण होते. तीही आपल्यासारखीच, मुलांना बर्फ दाखवायला निघालेली घरे होती.

खोळंब्यातले शरीर

याखेरीज काही लहान वाटणाऱ्या, पण हमखास उद्भवणाऱ्या गोष्टी आहेत. वाटेत स्वच्छतागृह नाही म्हणून स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी रोखून धरतात. परतल्यावर जळजळ आणि ताप घेऊन दवाखान्यात येतात. घोट घोट पाणी प्यावे आणि स्वच्छतागृह दिसेल तिथे, गरज नसली तरी, जाऊन यावे.

मधुमेह्याने सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि दुपारचे जेवण कोंडीत हुकले, तर साखर उतरते. घाम, थरथर, चिडचिड किंवा गोंधळलेले बोलणे दिसल्यास लगेच साखर किंवा गूळ द्यावा. आपल्याकडची दुधातली दशमी, शेंगदाण्याची चटणी, गुळाची चिक्की आणि तिळाचे लाडू या वाटेवर बाजारच्या खाऊहून सरस आहेत. टिकतात आणि पोटाला आधार देतात. इन्सुलिन मात्र गाडीच्या टपावरील सामानात कधीही ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामी समजावे. ते अंगालगतच्या खिशात ठेवावे.

पाच-सहा तास पाय दुमडून बसलेल्या वृद्धांच्या पोटऱ्यांत रक्त साकळण्याचा धोका असतो. दर अर्ध्या तासाने घोटे वर-खाली हलवावेत आणि शक्य तेव्हा गाडीजवळ जपून चार पावले टाकावीत. थंडीसाठी मद्य घेणे सर्वस्वी चुकीचे आहे. त्याने त्वचेकडे रक्त धावते, ऊब वाटते आणि प्रत्यक्षात शरीर अधिक वेगाने गार पडते. बर्फात खेळून ओले झालेले मोजे आणि सुती कपडे गाडीत बसताच बदलावेत. मुलांचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर गारठते. कुडकुडणारे मूल अचानक शांत, सुस्त झाले तर ते बरे लक्षण समजू नये.

गाडी अडकलीच तर

१. गाडी सोडून अंधारात चालत निघू नये. मदत गाडीपर्यंत येते.
२. इंजिन सतत चालू ठेवू नये. आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढावा, मग तासाला दहा मिनिटे हीटर लावावा. त्या वेळी एक काच बोटभर उघडी ठेवावी.
३. सर्वांनी एकदम झोपू नये. एकाने आळीपाळीने जागे राहावे.
४. ब्लँकेट, कोरडे मोजे, पाणी, दोन वेळचा खाऊ, विजेरी आणि दोन दिवसांची औषधे हाताशी असावीत.
५. आपली रांग सोडू नये.

हॉटेलात परतल्यावरही बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. आणि हा नियम केवळ मनालीपुरता नाही. आपल्या घरातल्या खिडकी नसलेल्या न्हाणीघरातील गॅस गीझर तोच वायू तयार करतो. बर्फ न पाहताही त्याने माणसे दगावली आहेत.

सर्वांत मोठी खबरदारी मात्र निघण्याआधीची आहे. आदल्या रात्री हवामान खात्याचा इशारा पाहावा. हिमवर्षावाचा अंदाज असेल, तर बोगद्याच्या दिशेने जाऊ नये. प्रशासन अशा दिवशी फक्त चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या किंवा साखळ्या लावलेल्या गाड्या पुढे सोडते. तेव्हा पोलिसांशी हुज्जत घालू नये. मोकळ्या आकाशाच्या दिवशीही पहाटे निघून ऊन असतानाच परतीला लागावे. पैसे भरले आहेत, मुलांना कबूल केले आहे, पुन्हा कधी येणे होणार, ही तिन्ही कारणे खरी आहेत. पण बर्फाला त्यांच्याशी कर्तव्य नसते.

आपल्या गावाची एक म्हण आपण थट्टेने सांगतो : ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ त्या वाटेवर ती गंभीरपणे पाळावी. सोलंगचा बर्फ दिसला तर उत्तमच. नाही दिसला, तर गाडी वळवावी, मनालीला देवदारांखाली फिरून यावे, मुलांना गरम जेवण द्यावे आणि ठरल्या दिवशी सारे घर सचखंडने सुखरूप परभणीला उतरावे.