राहात्याची वाट

अहिल्यानगरहून शिर्डीकडे जाणाऱ्या मोटारी बाभळेश्वर मागे टाकून राहात्यास पोहोचतात. शिर्डी येथून जेमतेम पाच-सहा किलोमीटर. यात्रेकरू रस्त्याकडेचे पेरू घेतात आणि पुढे निघतात. गोदावरीच्या उजव्या कालव्याने या भागातील बागा फुलवल्या; पण राहात्याचे मोठेपण केवळ पेरूत नाही. गेलेल्या माणसाशी असलेला स्नेह कसा जपावा, याचा एक धडा या गावाच्या वेशीत आहे.

साईबाबांचा वावर मोजक्याच परिसरात असे. एका अंगास निमगाव, दुसऱ्या अंगास राहाता. गोविंद रघुनाथ दाभोळकरांच्या ‘श्री साईसच्चरिता’त राहात्याच्या चंद्रभान शेट मारवाडी यांचा उल्लेख येतो. त्यांच्यावर बाबांचा फार लोभ होता. शेट निवर्तले, तरी तो लोभ आटला नाही. त्यांचे पुतणे खुशालचंद यांच्यावर तो तितकाच राहिला. बाबा कधी बैलगाडीने, कधी टांग्याने राहात्यास येत. गावकरी वाजतगाजत वेशीपर्यंत सामोरे जात. खुशालचंद त्यांना घरी नेऊन आसनावर बसवीत, भोजन होई, मनमोकळ्या गोष्टी होत आणि बाबा शिर्डीस परतत. माणूस गेला, पण त्याच्या घराची वाट मोडली नाही.

पतीच्या वियोगाचे दुःख सोसणाऱ्या पत्नीला ही कथा काही सांगते. जैन विचारात पिंडदानाला स्थान नाही. जीव आपल्या कर्मानुसार पुढील गतीस जातो. मागच्यांनी वाढलेले पान त्याला पोहोचत नाही. शिवाय राग, म्हणजे आसक्ती, हे बंधनच. भगवान महावीरांच्या निर्वाणाने व्याकूळ झालेल्या गौतम स्वामींना, प्रभूंवरील स्नेहाचा धागा सुटल्यावरच केवलज्ञान झाले, ही कथा दर दिवाळीस सांगितली जाते. मग जन्माच्या सोबत्याची आठवण काढणे हा दोष समजावा काय?

याचे एक उत्तर अहमदाबादेत, दिल्ली दरवाजाबाहेर उभे आहे. शेठ हठीसिंग केसरीसिंग यांनी तेथे मंदिराचा संकल्प केला, परंतु 1845 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणी यांनी शोकाला कामाची जोड दिली, बांधकामावर स्वतः देखरेख ठेवली आणि 1848 मध्ये बावन्न देवकुलिकांचे ते मंदिर पूर्णत्वास नेले. गाभाऱ्यात मूर्ती आहे ती पंधरावे तीर्थंकर धर्मनाथ यांची. पतीवरील प्रेम पतीपाशीच थांबले नाही. ते धर्माकडे वळले.

प्रत्येक घराला संगमरवर परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. व्यापारी माणूस मागे ठेवून जातो ती शब्दावर चाललेली उधारी, विश्वासाने दुकानाची पायरी चढणारा शेतकरी, शिकणारा पुतण्या आणि साधू-साध्वींच्या गोचरीसाठी उघडे असलेले दार. हे सारे सर्वांत जवळून पाहिलेली व्यक्ती म्हणजे त्याची पत्नी. पतीच्या पश्चात तिला घरातील एका कोपऱ्यात बसविणे, व्यवहारात तिचा शब्द न विचारणे, हा त्या माणसाच्या स्मृतीचाही अनादर आहे. तसबिरीला हार घालून तो भरून निघत नाही.

चंद्रभान शेट गेल्यावरही शिर्डीचा टांगा राहात्यास येत राहिला. कारण त्या घरात आसन मांडणारे कोणी होते.