न दिसणारा गाळ

हंड्याच्या तोंडास दुहेरी वस्त्र बांधून पाणी गाळण्याची चाल आपल्याकडे घरोघरीं इतकी जुनी आहे कीं, तिचें कारण विचारावें असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. पायऱ्यांच्या विहिरीचें अगर तळ्याचें पाणी पिणाऱ्या गांवांत एके काळीं नारूचा उपद्रव फार असे. पायावर फोड यावा, तो फुटावा, आणि त्यांतून दोऱ्यासारखा लांबच लांब किडा आठवडेच्या आठवडे तसूतसूनें बाहेर निघावा, असा तो भयंकर रोग. त्याचें बीज पाण्यांत तरंगणाऱ्या पिसवेवजा जलकीटकाच्या पोटांत असतें, आणि तो कीटक दुहेरी वस्त्रापाशीं अडतो. २००० सालीं आपला देश नारूपासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें, त्या यशांत या साध्या गाळणाचा वांटा मोठा होता. परंतु त्याच वस्त्रांतून पटकीचा सुटा जंतु बिनदिक्कत पार होतो. कारण त्याची लांबी एका मिलिमीटरच्या सुमारें पांचशेव्या भागाइतकी, आणि वस्त्राचीं छिद्रें त्या मानानें गांवाच्या वेशीसारखीं!

पाणी पोटांत जावयाचें असेल तर थोडाफार दोष पुष्कळदां निभावून जातो. मुखापासून जठरापर्यंत निसर्गानें चौक्या बसविल्या आहेत, आणि जठरांतील तीव्र अम्ल तर अनेक जंतूंचा तेथेंच निकाल लावितें. सुईची गोष्ट निराळी. ती त्वचेची तटबंदी भेदून औषध थेट मांसांत अगर रक्तांत नेऊन सोडते. तेव्हां जें पाणी प्यावयास उत्तम, तें टोंचावयासही चालेल असें नाहीं, हें आमच्या विद्यार्थिमित्रांनीं प्रथम ध्यानांत घ्यावें.

या विषयाकडे आमचें लक्ष लागण्यास आमचें शरीरच कारण झालें. आम्ही मधुमेही असून गेलीं अठरा वर्षें दिवसांतून दोन वेळां इन्शुलीन टोंचून घेतों. म्हणजे तेरा हजारांहून अधिक वेळां सुई आमच्या कातडींतून आंत गेली आहे, आणि एकदांही त्या जागीं पू धरला नाहीं. आमचे आजोबा असते तर त्यांनीं यास दैव म्हटलें असतें. आमचें आयुष्य मुलांस पदार्थविज्ञान व रसायन शिकविण्यांत गेल्यामुळें दैवाच्या पाठीमागें डोकावून पाहण्याची खोड आम्हांस जडली आहे, एवढेंच.

एकदां नववीच्या वर्गांत एका चौकस मुलीनें विचारलें, "सर, औषधाची कुपी कुकरांत घालून शिजविली म्हणजे झालें, नाहीं का?" पुष्कळ औषधांच्या बाबतींत तिचें म्हणणें अगदीं बरोबर आहे, इन्शुलीनच्या बाबतींत मात्र नाहीं. इन्शुलीन हें एक प्रथिन आहे. अंडें उकडलें असतां त्याचा पांढरा भाग घट्ट होऊन बसतो व मग कांहीं केल्या पातळ होत नाहीं, तशीच गत अति उष्णतेनें इन्शुलीनची होते. जंतु मरतील खरे, परंतु त्यांजबरोबर औषधही मरेल. अशा नाजूक औषधांस गाळणीवांचून गति नाहीं.

जंतु अडवील अशी उत्तम गाळणी पाश्चरच्या प्रयोगशाळेंतील शार्ल शांबरलां यानें १८८४ सालीं प्रसिद्ध केली. ती म्हणजे झिलई न दिलेल्या चिनी मातीची पोकळ नळी, आकार मेणबत्तीसारखा. आपल्या स्वयंपाकघरांतील पाण्याच्या फिल्टरमध्यें जी पांढरी 'कँडल' असते ती याच कुळांतली. त्या काळच्या पंडितांस वाटलें कीं, आतां रोगाचें बीज सांपडलें व अडलेंही. पण १८८८ मध्यें रू व येरसँ या दोघांनीं घटसर्पाचे जंतु वाढविलेला रस अशा गाळणींतून काढला; रसांत एकही जंतु उरला नाहीं, तरी तो टोंचतांच जनावरें मेलीं. जंतु मागें राहिले होते, त्यांचें विष पुढें गेलें होतें. पुढें १८९२ सालीं रशियांत इव्हानोव्स्कीला असें आढळलें कीं, रोगट तंबाखूच्या पानांचा रस गाळला तरी रोग लावावयाचा राहत नाहीं. विषाणूंची पहिली चाहूल मनुष्यास लागली ती ही.

आजची गाळणी कागदासारखी पातळ असते, आणि तिच्या छिद्राचें माप ०.२२ मायक्रॉन सांगतात, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारें तीनशेवा भाग. तिची परीक्षा मोठी कडक आहे. एक अतिशय लहान जातीचा जंतु मुद्दाम निवडून, पडद्याच्या दर चौरस सेंटिमीटरास एक कोटि या प्रमाणांत तो तिच्यावर सोडावयाचा, आणि पलीकडे एकही उतरतां कामा नये. ही परीक्षा गाळणीच्या जातीची झाली. प्रत्यक्ष वापरलेला पडदा मध्यें कोठें फाटला नाहीं ना, हें पाहण्याची युक्ति आम्हांस फार आवडते. पडदा ओला करून एका बाजूनें हवेचा दाब वाढवीत नेतात. छिद्र जितकें बारीक, तितकें त्यांतील पाणी हटविण्यास दाब अधिक लागतो. नेमलेल्या दाबाच्या अगोदरच पलीकडे बुडबुडे दिसूं लागले, तर पडद्यास भोंक आहे असें समजावें आणि तें गाळलेलें औषध पुढें जाऊं देऊं नये.

सलाईनसारखीं जीं औषधें उष्णता सोसतात, त्यांस मात्र कारखान्यांत वाफेच्या बंद पात्रांत १२१ अंशांवर निदान १५ मिनिटें ठेवितात. आमच्या विद्यार्थिनीचा कुकर तो हाच; त्याचें शास्त्रीय भावंडही शांबरलांनेंच १८७९ च्या सुमारास घडविलें. साधें उकळतें पाणी १०० अंशांपलीकडे जात नाहीं, आणि धनुर्वातासारख्या जंतूंचीं टणक बीजें त्यांत कांहीं काळ सुखानें नांदूं शकतात. पूर्वीं वैद्यबुवा कांचेची पिचकारी स्टोव्हवर डबींत उकळीत, तें काम पुष्कळ अंशीं भागे, पुरतें भागत नसे. आतां ज्या मातांनीं हा लेख हातीं घेतला असेल त्यांस एक प्रश्न: कुकरांतून वाफेची अखंड धार निघूं लागल्याखेरीज जाणत्या सुगरिणी वर वजन कां ठेवीत नाहींत? कारण आंत हवा कोंडून राहिली तर दाब भरतो, परंतु वाफेची उष्णता सगळीकडे पोंचत नाहीं.

एवढ्याच गोष्टीनें १९७२ सालीं इंग्लंडांत अनर्थ केला. प्लिमथ शहराच्या डेव्हनपोर्ट भागांतील रुग्णालयांत शिरेवाटे साखरेचें पाणी दिलेले कांहीं रोगी दगावले. चौकशींत निघालें कीं, आदल्या वर्षीं त्या बाटल्या वाफविल्या तेव्हां पात्राच्या खालच्या भागांत हवा अडकून राहिली होती, आणि तळच्या बाटल्या तापल्याच नव्हत्या. तळाशीं लाविलेला उष्णतामापक तें स्पष्ट सांगत होता. पण कामगारांनीं मापकच बिघडला असें ठरवून दुसऱ्या कांट्यांवर भिस्त ठेविली. आंतले जंतु साखरेवर पोसून वर्षभर वाढत राहिले.

आमच्या मनास अधिक बोंचणारी हकीकत मात्र आपल्या मुंबईंतून निघते. १८९६ सालीं शहरांत प्लेग शिरला, तेव्हां डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वत:स टोंचून घेतली. पुढें १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नरसाहेबांच्या वाड्यांत लशीचें काम मोठ्या प्रमाणावर चालूं लागलें. तेथें भरलेल्या पांच बाटल्या ३० ऑक्टोबर १९०२ या दिवशीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं उघडण्यांत आल्या व १०७ लोकांस टोंचणी झाली. चार बाटल्यांची लस ज्यांना मिळाली त्यांस कांहीं झालें नाहीं. '५३ एन' असा शिक्का असलेली पांचवी बाटली ज्यांच्या वांट्यास आली, ते १९ जण धनुर्वातानें मेले. प्लेगपासून जीव वांचावा म्हणून ज्यांनीं विश्वासानें दंड पुढें केला, त्यांची ही गत!

चौकशी मंडळाचें म्हणणें पडलें कीं, जंतु परळासच शिरले असावेत. लशींत कार्बॉलिक अम्ल घालण्याचा जुना प्रघात सोडून हाफकिन यांनीं केवळ उष्णतेवर भरंवसा ठेविला, हाही ठपका आला, आणि त्यांचा अधिकार गेला. परंतु बाटली उघडतेवेळची एक गोष्ट कागदोपत्रीं होती. बूच काढावयाचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला, आणि तो ज्योतींत धरण्याऐवजीं कार्बॉलिकच्या पाण्यांत बुचकळून तसाच वापरण्यांत आला. धनुर्वाताचें बीज मातींत असतें, हें सांगावयास नकोच. रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं १९०७ सालीं लंडनच्या 'टाइम्स' पत्रांतून हाफकिन यांची बाजू मांडली, आणि शेवटीं ते दोषमुक्त ठरले. तथापि परळचें प्रमुखपद त्यांस पुन: लाभलें नाहीं. त्या संस्थेस त्यांचें नांव मिळालें तें १९२५ सालीं. एका थोर पुरुषाचीं पांच वर्षें व १९ निरपराध जीव एका पडलेल्या चिमट्यापायीं गेले, असें आम्हांस तरी वाटतें. कारखान्याचें सारें कसब बुचापर्यंत; बूच निघालें कीं जबाबदारी उघडणाऱ्या हातावर येते.

कोणी म्हणेल, भरलेल्या बाटल्या तपासून पाहिल्या म्हणजे संशय कशास उरेल? वरच्या वर्गांतील मुलांनीं हें गणित करून पाहावें. शंभरांत एक बाटली दूषित आहे असें धरा, आणि त्यांतून वीस बाटल्या उघडून तपासा. वीसही निर्दोष निघण्याचा संभव शेंकडा ८२ येतो! आणि उघडलेली बाटली तर रोग्यास देतां येत नाहींच. म्हणून जाणते लोक तपासणीपेक्षां तळच्या उष्णतामापकाकडे व पडद्याच्या बुडबुड्यांकडे अधिक लक्ष देतात.

जंतु मेले तरी भय संपलें असेंही नाहीं. ११ जानेवारी १९२२ रोजीं टोरोंटो येथें लेनर्ड थॉम्प्सन नांवाच्या चवदा वर्षांच्या मुलास इन्शुलीनची पहिली टोंचणी झाली. त्या अर्काच्या अशुद्धतेमुळें टोंचल्या जागीं गळूं झालें, त्यांत जंतु नव्हते. बारा दिवसांनीं अधिक शुद्ध अर्क टोंचला, तेव्हां त्याच्या प्रकृतींत उतार दिसूं लागला. पुढल्याच वर्षीं अमेरिकेंत फ्लॉरेन्स सायबर्ट या विदुषीनें दाखविलें कीं, उकळून निर्जंतुक केलेल्या पाण्यानेंही ताप भरतो, कारण मेलेल्या जंतूंच्या अंगचें द्रव्य त्यांत शिल्लक असतें. ऊर्ध्वपातनाच्या भांड्यांतून वाफेबरोबर उडणाऱ्या बारीक थेंबांवर बसून तें पलीकडे जातें. साधी गाळणी त्यास अडवीत नाहीं, वाफही त्यास मारीत नाहीं; रिकाम्या कुप्या २५० अंशांच्या कोरड्या भट्टींत भाजाव्या लागतात. हें द्रव्य ओळखण्यास प्रथम ससे वापरीत. नंतर समुद्रांतील नालाच्या आकाराच्या एका खेंकड्याचें निळें रक्त उपयोगीं आलें, आणि अलीकडे त्या रक्तांतील घटक प्रयोगशाळेंतच तयार होऊं लागल्यानें त्या गरीब प्राण्याच्याही सुटकेची आशा दिसूं लागली आहे.

आमच्या इन्शुलीनच्या कुपीचें झांकण काढतांच औषधी दवाखान्यासारखा किंचित् उग्र वास येतो. तो मेटाक्रेसॉलचा, आणि हें द्रव्य कार्बॉलिक अम्लाचेंच सख्खें भावंड! एकाच कुपींत आम्ही रोज दोन वेळां नवी सुई खुपसतों, म्हणून कारखानदारांनीं हा पहारेकरी आंत बसवून ठेविला आहे. त्याचाही भरंवसा सामान्यत: कुपी उघडल्यापासून २८ दिवसांपुरताच धरावयाचा. कुपी उघडल्याची तारीख चिठ्ठीवर घालण्याचें काम आमच्या घरीं सातवींतल्या नातीकडे आहे. कुपींत दोन बोटें औषध उरलें असतांही, दिवस भरले कीं ती निर्दयपणें कुपी आमच्या हातून काढून घेते.